धोतर

पुरुषांनी कमरेभोवती नेसायचे बिनशिवलेले वस्त्र. साधारणतः ४ ते ५ मीटर लांब, बहुधा पांढरे, सुती व काठाचे. पूर्वी ते जोडीने विकत घेत. जोडीतल्या एकाला ‘पान’ म्हणतात.

मराठी पद्धतीत धोतराचा मध्य कमरेला लावून पुढे गाठ मारतात. एका टोकाच्या निऱ्या करून ते दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचले की कासोटा होतो. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे बेंबीपाशी खोचतात. खरे कसब कासोट्यात आहे. तो नीट बसला, तर मांडी घालून बसणे, चढण चढणे, नांगर धरणे यांत अडथळा येत नाही. शेतकरी धोतर आखूड व घट्ट नेसतो. पूजेसाठी रेशमी मुकटा किंवा पीतांबर नेसतात. दक्षिणेतील वेष्टी आणि मुंडू मात्र एरवी कासोट्याविना, लुंगीसारखे गुंडाळतात.

नागपूरच्या कोष्टी विणकरांची रेशीमकाठी धोतरे नावाजलेली होती. पुढे गिरण्यांच्या स्वस्त मालाने हातमागाची बाजारपेठ आक्रसली. वेष्टी नेसलेल्यांना क्लबांत प्रवेश नाकारला जात असल्याने तमिळनाडूने २०१४ मध्ये अशा बंदीविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात वारकरी आणि खेड्यांतील वयस्क पुरुष आजही धोतर नेसतात.