लावणारे आणि जगविणारे

रस्त्यांच्या कडेने आपण वड लावविले, ते पशूंना आणि माणसांना सावली देतील, असे सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवून ठेवले आहे. लेख दगडावर राहिला. पण त्या कोवळ्या रोपांना पाणी कोणी घातले, पानांवर रोग पडला तेव्हा कोण धावले, हे कोणी कोरून ठेवले नाही. इतिहासाची ही जुनीच खोड! लावणाराचे नाव राहते, जगविणाराचे राहत नाही.

जगविणाराची आठवण ठेवली ती वराहमिहिराने. सहाव्या शतकातील त्याच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. थंडी, वारा व ऊन यांनी झाड आजारते. पाने पिवळी पडणे, पालवी न वाढणे, फांद्या वाळणे, रस गळणे ही त्याची लक्षणे. रोगट भाग शस्त्राने काढावा, वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी शिंपावे, असा त्याचा उपाय. निदान वैद्याला शोभेसे आहे. मात्र डोळ्यांना न दिसणारी बुरशी पान खाते, हे त्या काळी कळणार कसे?

१८४५ साली इंग्लंडात मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलीवर पांढरी पूड दिसली. आपले बागाईतदार जिला भुरी म्हणतात, तीच ही. गंधक आणि चुना वापरून त्याने ती आवरली. आजही आपल्या द्राक्षबागांत भुरीवर गंधक मारतात. १९०७ च्या सुमारास फ्रान्समध्ये ओक वृक्षांवर भुरी उतरली आणि थोड्याच वर्षांत युरोपभर पसरली. थोराड ओकांनी ती सोसली. हाल झाले ते रोपांचे. त्यांची कोवळी पाने आक्रसली, वाढ खुंटली. गंधक येथेही कामास आले. पण ते वेळेवर, रोग थोडा असतानाच मारावे लागते, आणि कडक उन्हात मारले तर पानेच करपतात.

पुढे १९९९ साली ब्राझीलच्या बेट्टिओल या संशोधकाने, झुकिनी नावाच्या भोपळवर्गीय वेलीवरील भुरी पाणी घातलेल्या दुधाच्या फवाऱ्याने आटोक्यात येते, असे प्रसिद्ध केले. म्हणजे वराहमिहिराला हे आधीच ठाऊक होते काय? वाचकहो, छाती फुगविण्याची घाई नको. त्याने दूधपाणी सांगितले ते निराळ्या समजुतीने. ब्राझीलच्या संशोधकाने काही वेलींवर फवारले, काहींवर नाही, आणि दोन्ही ताडून पाहिले. पूर्वजांचा मान राखायचा तर त्यांचे उपायही असेच ताडून पाहावेत.

तोवर साध्या गोष्टी आपल्या हाती आहेतच. रोपे दाटीने लावू नयेत, वारा खेळता ठेवावा. पाणी सकाळी बुंध्याशी घालावे. रोगट व गळालेली पाने वेचून दूर न्यावीत. नत्राचे खत भारंभार देऊ नये, कारण लुसलुशीत पालवी भुरीला फार आवडते.

१९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात. मग पाहुणे जातात आणि रोप मागे राहते. त्याचे पान उलटून पाहणारा कोणी मुलगा, कोणी आजी त्या गल्लीत असेल, तरच पुढे सावली पडेल. आणि त्या सावलीवर त्यांचे नाव कोठेही कोरलेले नसेल.