'ईस्ट इंडियन' या नावाची कथा

मानपाड्याच्या परिसरात एखादा नवा गृहस्थ भेटला आणि आम्ही आपली ओळख 'ईस्ट इंडियन' अशी सांगितली, म्हणजे तो हमखास विचारतो, "तर मग आपण बंगालकडील काय?" त्याचा दोष नाही. पश्चिम समुद्राच्या काठी पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या लोकांस पूर्वेचे नाव कसे लाभले, हे आमच्यांतीलही पुष्कळांस सांगता येत नाही. हे नाव एका महोत्सवाच्या वर्षीच जन्मास आले. तेव्हा आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

नावाहून समाज पुष्कळ जुना आहे. इ. स. 1321 मध्ये तोलेंतीनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती यांनी आपल्या याच ठाणे शहरी प्रभूसाठी रक्त सांडले. त्यांना आश्रय देणारे घर नेस्टोरियन ख्रिस्ती माणसाचे होते. पुढे 1534 च्या तहाने वसई, साष्टी व मुंबई पोर्तुगीजांच्या हाती गेली, आणि या मुलखातील कोळी, भंडारी, कुणबी इत्यादी ज्ञातींतील अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. आडनावे बदलली, पण शेत, जाळे, लुगडे आणि बोली तीच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराचे पाणी आणण्याची चालही सुटली नाही.

1739 मध्ये मराठ्यांनी ठाणे व वसई जिंकली. 1774 च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे आली. राज्ये बदलली, तरी आमच्या लोकांस 'पोर्तुगीज' म्हणण्याचा प्रघात तसाच चालू राहिला. वंशाने येथील, भाषेने मराठी आणि नावाने मात्र पोर्तुगीज, अशी ती विलक्षण स्थिती होती.

या विसंगतीची खरी झळ एकोणिसाव्या शतकात लागली. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, मुंबईचा व्यापार वाढला, आणि गोवा व मंगळूर येथील कॅथलिक बांधव नोकरीसाठी येऊ लागले. त्यांची आडनावेही डिसोझा, फर्नांडिस, परेरा अशीच. गोव्याचे बांधव त्या काळी पोर्तुगालच्या राजाची प्रजा, तर आम्ही इंग्रजांची. परंतु कचेरीत अर्ज वाचणाऱ्या साहेबास हा भेद कसा कळावा? तेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे होत असता, 26 मे 1887 रोजी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून आपण सरकारचे सेवक आहोत, हे त्या नावातून सुचवायचे होते. मौज अशी की, याच शतकाच्या आरंभी कलकत्त्याकडील मिश्रवंशीय लोक स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवीत. पुढे त्यांनी 'अँग्लो-इंडियन' हे नाव धरले आणि त्यांनी टाकलेले नाव आम्ही उचलले!

त्या नावाने समाजास एकत्र येण्यास स्थान मिळाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि त्याने सर्वांस सामावून घेतले नाही. वसईकडील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती बांधवांतील बहुतेक या नावाने स्वतःस ओळखत नाहीत. शिवाय राजनिष्ठेच्या या नावाखाली काका बॅप्टिस्टांसारखा टिळकांचा सहकारी आणि होमरूलचा पुरस्कर्ता निपजला. यावरून नाव माणसाचे मन बांधू शकत नाही, हेही दिसते.

आता राणी नाही, कंपनी नाही, ते साहेबही नाहीत. म्हणून नाव बदलावे, असे काही जण म्हणतात; कोणी 'मोबईकर' सुचवितो, कोणी नुसते 'मराठी ख्रिस्ती' म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, शतकाहून अधिक काळ वापरलेले नाव टाकले तर उरलीसुरली ओळखही जाईल. आम्हांस या प्रसंगी शेजारच्या प्रॉटेस्टंट बांधवांचे उदाहरण आठवते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांनी आपली जुनी नावे बाजूस ठेवून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' हे नाव घेतले. परंतु त्याआधी कित्येक वर्षे त्यांनी ऐक्याची बोलणी केली होती. ऐक्य ठरले, मग नाव बदलले.

आमच्याकडे हा क्रम उलटू नये, इतकेच आमचे म्हणणे. 1887 च्या वडिलांनी नाव घेतले ते लेकरांच्या भाकरीच्या चिंतेने. त्यांस हसणे आम्हांस शोभत नाही. पण आज आमची लेकरे आजीशी इंग्रजीत बोलतात, आणि आजीची बोली तिच्याबरोबरच मातीत जाते. पाटी कोणतीही लावा, घरात बोली उरली नाही तर ती पाटी कोणाच्या दारावर लावणार?

म्हणून, प्रिय धर्मग्रामस्थहो, नावाचा निर्णय सावकाश होऊ द्या. या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्यांकडून लग्नाची गाणी, आगेऱ्याच्या चाली आणि जुने शब्द लिहून घ्यावेत, आणि गोवा, मंगळूर, केरळ येथून येऊन आमच्या बाकावर बसणाऱ्या बांधवांसही ते प्रेमाने सांगावेत. एवढे झाले म्हणजे पुढची पिढी जे नाव निवडील ते जाणून निवडील. प्रभू आम्हां सर्वांस ही सुबुद्धी देवो.