पेटीवरचं लेबल आणि कोकणचं हवामान

हापूसच्या पेटीवर 'जीआय' लिहिलेलं दिसतं ना, ते मुळात हवामानाचंच लेबल आहे. १९९९ च्या कायद्याची अट तीच: मालाचा गुण त्या भूभागातून आलेला असला पाहिजे. कातळ आणि खारा वारा यातून चव येते, हे आपले आजे-पणजे सांगतच होते. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाचा शिक्का पडायला मात्र २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. त्याआधी देवगड की रत्नागिरी, यावर वर्षानुवर्षं भांडण. शेवटी पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाच जिल्हे एका नावाखाली आले. तरी कर्नाटकचा आंबा 'देवगड' म्हणून विकला जातोच, म्हणून २०२५ मध्ये देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने फळागणिक कोडचा स्टिकर आणला.

तिकडे ब्रिटनमध्ये २००७ लाच उलटा प्रश्न सुरू झाला होता: हवामानाने मालाला काय दिलं हे नको, मालाने हवामानाचं काय केलं ते सांगा. वॉकर्सच्या वेफर्सच्या पाकिटावर कार्बनचा आकडा आला. टेस्कोने ७०,००० वस्तूंवर आकडा छापू म्हणून जाहीर केलं, विमानाने आलेल्या भाजी-फळांवर विमानाचं चित्रही लावलं. २०१२ मध्ये आकड्यांचा नाद सोडला. एकेका वस्तूचा हिशेब करण्यात महिने जात होते, आणि बाकीचे दुकानदारही सोबत आले नाहीत.

आता तेच लेबल आपल्या पेटीला लावून बघा. लंडनचा हापूस बहुतेक विमानानेच जातो, म्हणजे चित्र विमानाचं. पण ते तिकीट काही बागायतदार काढत नाही! त्याची कलमं कातळावर दोन-दोन पिढ्या उभी असतात, हे त्या चित्रात कुठे दिसणार? फवारण्या वाढल्यात हेही खरंच, ते लपवून चालणार नाही. आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने झाडावरचा आंबा आडवा केला, तो कोणाच्या हिशेबात धरायचा? ज्या हवामानाच्या जोरावर जीआय मिळाला, तेच आता मोहोराला दगा देतंय.

उद्या असा दाखला कोणी सक्तीचा केला, तर चाळीस कलमंवाला माणूस तपासणीची फी कुठून भरणार? वाशीचा दलाल ती पट्टीतूनच कापून घेईल. त्यापेक्षा दापोलीच्या विद्यापीठाने आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने कलमापासून पेटीपर्यंतचा हिशेब आताच मांडावा. फवारणी, डिझेल, खोके, ट्रक, सगळं धरून. विमानाचा आकडा वेगळ्या रकान्यात, निर्यातदाराच्या नावावर.