पहाटे 4:57, उरले साडेचार जीबी

वेळा सगळ्या भारतीय. तारीख 31 जानेवारी 2017.

रात्री 10:50. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड गिटलॅबवर ठेवतात. तिथला एक अभियंता चाचणीसाठी मुख्य डेटाबेसची प्रत काढतो. वेळापत्रकात नसलेलं काम.

रात्री 12:30, तारीख आता 1 फेब्रुवारी. डेटाबेसवर ताण वाढतो. स्पॅमचा संशय.

पहाटे 4:30. मुख्य डेटाबेसची ताजी प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर इतका मागे पडतो की जुळणी बंद पडते. नव्यानं प्रत घ्यायची कमांड दिली तर ती काहीच न सांगता थांबून राहते. तिची रीतच तशी, पण पडद्यावर तसं दिसत नाही. अभियंत्याला वाटतं, दुय्यम सर्व्हरवरचा रिकामा फोल्डर आड येतोय. तो पुसून टाकू.

4:57. पुसायची कमांड मुख्य सर्व्हरवर गेली आहे. एक-दोन सेकंदांत ध्यानात येतं, तो ती थांबवतो. सुमारे 300 जीबीतले साडेचार उरलेत.

पाचनंतर. ॲमेझॉनच्या एस-3 साठवणीत रोज बॅकअप चढतो, अशी सगळ्यांची समजूत. उघडून बघतात तर तिथं काहीच नाही. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, बॅकअपचं साधन 9.2 चं, ते दर वेळी अडत होतं. तसं कळवणारे ईमेलही मेल सर्व्हर नाकारत होता.

समजूत एक आणि आत काहीच नाही, हे वाचताना मला जालना जिल्ह्यातली सेतू केंद्रं डोळ्यांपुढे येतात. पीकविम्याची मुदत संपत आलेली, भोकरदन-मंठ्याकडे सातबारा, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र पोर्टलवर चढवायचं आणि रेंज तुटलेली. अनेक सर्व्हरवर फाइली साठवणाऱ्या हडूपसारख्या प्रणालीत आधी फाइलचं नाव नोंदलं जातं, मजकूर मागून तुकड्यांनी वेगवेगळ्या सर्व्हरवर जातो. मधेच लाइन गेली तर नाव राहू शकतं, आत शून्य बाइट. एरवी प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवल्या जातात, पण जे पोचलंच नाही त्याची प्रत कशी होणार? म्हणून नुसत्या पावतीवर थांबू नये. साइज बघावी, फाइल परत उघडावी, जमेल तिथं चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडावा, तोवर मूळ स्कॅन पुसू नये. खरं तर ही तपासणी पोर्टलनंच करायला हवी. मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसावर ती टाकणं अन्यायाचं आहे.

1 फेब्रुवारी, सकाळी 11. आपल्याकडे अर्थसंकल्प सुरू होतो. तिकडे रात्री 10:50 ची ती प्रत संथ डिस्कवरून परत येत असते. हजारो लोक यूट्यूबवर थेट बघताहेत.

रात्री 11:44. संकेतस्थळ सुरू. कोड वेगळा साठवलेला, म्हणून वाचला. मधल्या सहा तासांतले सुमारे 5,000 प्रकल्पांचे तपशील, 5,000 प्रतिक्रिया, 700 नवी खाती कायमची गेली.

बॅकअप नियमित तपासला का जात नव्हता, याचं उत्तर कंपनीनं पुढे जाहीर अहवालात दिलं: ते काम कुणाकडे सोपवलेलंच नव्हतं.