डफरीन ते मोबाईल : नर्सिंगच्या पोरी एकमेकींकडून कशा शिकत आल्या

अमरावतीत ‘डफरीनला भरती केलं’ म्हटलं की कोणी पत्ता विचारत नाही. अकोल्यात तसंच ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावं व्हाइसरॉयच्या बायकांची. पण लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये जो फंड उभा राहिला, त्याचं काम नुसते दवाखाने बांधायचं नव्हतं. बायकांना डॉक्टर, नर्स आणि दाई म्हणून शिकवायचं, हाही त्याचा हेतू होता.

शिकून बाहेर पडलेल्या सिस्टरने पुढे नवीन काही शिकायचं कुठून? याचं उत्तर नर्सेसनीच शोधलं. १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, १९१० पासून ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ निघू लागलं आणि १९२९ मध्ये विद्यार्थिनींची वेगळी स्टुडंट नर्सेस असोसिएशन आली. म्हणजे एकमेकींना शिकवत मोठं व्हायची ही रीत मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. अडचण एवढीच, की हे सगळं इंग्रजीत होतं. मराठी शाळेतून आलेल्या पोरीला ते जड जायचं.

मग कोरोना आला. कॉलेजं बंद झाली, लेक्चर मोबाईलवर आलं. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारनेही आरोग्य कर्मचाऱ्यांचं कोविड प्रशिक्षण ‘दीक्षा’वर टाकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा तडाखा राज्यात आधी आपल्या अमरावती-अकोल्यालाच बसला. पीपीई किट घालायचा कसा आणि त्याहून महत्त्वाचं, काढायचा कसा, हे तेव्हा व्हिडिओ पाहूनच कितीतरी जणी शिकल्या.

आज मात्र तिच्या हातात फोन दिसला की आपण म्हणतो, “रील बनवत असंल!” हा संशय अगदीच खोटा नाही. पेशंटचा फोटो किंवा केसपेपर स्टेटसला गेला, तर नाव झाकून उपयोग नसतो. आपल्या भागात गाव आणि आजार सांगितला की माणूस ओळखू येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या पुस्तकातच बजावलंय, की ज्याला विचारायचा हक्क आहे त्याच्याशिवाय कोणाजवळही नर्सने रोग्याबद्दल बोलू नये. व्हॉट्सॲपला दुसरा नियम कशाला हवा?

पण म्हणून फोनच बंद करणं हा उपाय नाही. कॉलेजने ट्यूटरसह ग्रुप चालवावा. पेशंटची ओळख पटेल असं त्यात काहीच नको. औषधाच्या डोसचा हिशेब, नवीन मार्गदर्शक सूचना, अवघड इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ, हे सगळं यावं. ऐकीव माहिती असेल तर ट्यूटरने तिथंच दुरुस्त करावी.

आणि एक. धारणी-चिखलदऱ्याच्या दवाखान्यात येणारी आई कोरकू बोलते. ‘कुठं दुखतं?’, ‘बाळ दूध पितं का?’ एवढे प्रश्न कोरकू येणाऱ्या विद्यार्थिनींनी आवाजात भरून ग्रुपवर टाकले, तर मेळघाटात ड्युटीला जाणाऱ्या पोरीला ते पहिल्याच दिवशी कामी येतील. असलं काम तिथली माणसंच करू शकतात.

तुमच्या घरात नर्सिंगला कोणी असेल तर तिला विचारा, फोनवर ती काय शिकते. रागावण्याआधी विचारा.