चूक तिचीच असणार म्हणे
जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीत, शिकाऊ विमान शेतात कोसळलं. आत एकटी शिकाऊ पायलट, जखमी झाली पण वाचली. बातमी कळताच आमच्या कट्ट्यावर पहिलं वाक्य पडलं, "चूक तिचीच असणार!" चौकशी वगैरे नंतर. मला आठवलं १९८२ साल.

त्या वर्षी एअर मार्शल ला फोंटेन यांच्या समितीनं सांगितलं होतं, अपघात कमी करायचे तर हवाई दलाला प्रगत जेट प्रशिक्षक विमान द्या. कारण साधं. पोरं संथ 'किरण'वर शिकायची आणि मग थेट मिग-२१, जे उतरतानाच ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतं. मधली पायरीच नव्हती. मग जुनी मिगच पायरी म्हणून वापरली. काय बोलणार!

१७ सप्टेंबर २००१ ला सुरतगडजवळ मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. ठपका त्यांच्यावरच. आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही, जाहीरपणे लढल्या.

६६ 'हॉक' विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. शिफारशीनंतर २२ वर्षांनी! तेवढ्यात सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, त्यामुळे कुणी एकमेकांकडे बोट दाखवू नये. विमानं बिदरला रीतसर दाखल झाली ती फेब्रुवारी २००८ मध्ये.

गाडगीळ दांपत्यानं पुण्यात मुलाच्या नावावरून 'जीत एरोस्पेस' ही संस्था काढली. तिथे सिम्युलेटरवर इतरांची पोरं उडायला शिकली.