रस्ता आंखणारा आणि रस्ता राखणारा

रस्त्याचा इतिहास सांगतांना आपण तो आंखणाऱ्याचें व बांधविणाऱ्याचें नांव घेतों. पावसानंतर खड्डे बुजविणाऱ्याचें नांव कोणी घेत नाहीं. परंतु फ्रान्समध्यें एकदां या माणसाचा विचार आधीं झाला आणि रस्त्याचा आराखडा मागून ठरला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

अठराव्या शतकांत तेथील राजरस्ते वेठीनें होत. शेतकऱ्यांनीं वसंतांत व शरदांत, असें वर्षांतून दोनदां, फुकट राबावें असा दंडक होता. मधले महिने रस्ता वाऱ्यावर असे. तेवढे दिवस तो तगावा म्हणून मध्यभागीं सुमारें १८ इंच दगड घालीत. तरीहि चाकोऱ्या पडत, त्यांत पाणी सांचे आणि रस्ता उखडे.

१७६४ सालीं त्रेसागे हा लिमोझ प्रांताचा मुख्य इंजिनियर झाला. तेथील राजाचा सुभेदार तुर्गो यानें वेठीऐवजीं पैशाचा कर बसविला होता. त्यामुळें मजुरी देऊन बारमाही माणसें ठेवतां येऊं लागलीं. त्रेसागेनें विचार केला कीं, खड्डा लहान आहे तोंच बुजणार असेल, तर एवढे दगड हवेत कशाला? त्यानें जाडी १० इंचांवर आणली. तळच मध्यें उंच व कडांना उतरता केला, त्यावर मोठे दगड उभे बसविले आणि वर अक्रोडाएवढी कठीण खडी पसरली. १७७५ सालीं त्यानें ही पद्धति लिहून काढली. पुढें १७८७ सालीं आर्थर यंग हा इंग्रज प्रवासी त्या प्रांतांतून गेला, तेव्हां त्यानें तेथील रस्त्यांची मनापासून वाखाणणी केली.

तुर्गोनें प्रधान झाल्यावर १७७६ सालीं देशभरची वेठ रद्द केली. पण कांहीं महिन्यांतच त्याचें पद गेलें आणि वेठ परतली. ती कायमची उठण्यास १७८७ साल उजाडावें लागलें.

आपल्याकडे रस्ता राखणाऱ्यास ‘मैलकुली’ हें नांव पडलें. आपल्या मैलांत पाणी कोठें तुंबतें, कोणती मोरी अपुरी पडते, हें त्याच्या पायांना ठाऊक असतें. त्रेसागेनें अशा माणसाचें काम हिशेबांत धरलें, एवढ्यानेंच रस्त्याची जाडी जवळजवळ निम्म्यावर आली. मग नवा रस्ता कागदावर उतरण्यापूर्वीं त्याचें म्हणणेंहि ऐकलें, तर केवढा लाभ होईल! रस्ता बांधून होतो एकदांच. राखावा लागतो मात्र रोज.